फाइलच्या माथ्यावरचा इतिहास: दोन सर्व्हर, एकच नोंद आणि अर्धे अपलोड फेल

पार्श्वभूमी

पुण्यातली एक मध्यम आकाराची कंपनी छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी पार्सल बुकिंगची वेबसेवा चालवते. समोर उबुंटू लिनक्सवर एन्जिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामचे दोन सर्व्हर आहेत. त्यांच्याही पुढे आळीपाळीनं कनेक्शन वाटणारा लोड बॅलन्सर, आणि मागे स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीतलं मुख्य ॲप. टॉमकॅटवर (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) अहवालांचं एक जुनं ॲप अजून तग धरून आहे. डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा, स्वतःचीच, बाइंड या प्रोग्रामवर: एक प्रायमरी, एक त्याची नक्कल ठेवणारा सेकंडरी. सर्व्हर सांभाळायला चौघांची टीम.

ॲपचा कोड पहिल्यापासून गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणारं साधन) होता. सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइल मात्र जागच्या जागी, व्हिममध्ये उघडून बदलल्या जात. बदलांचा हिशोब राहावा म्हणून प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कॉमेंटमध्ये नोंद करायचा नियम होता, आणि टीम तो बऱ्यापैकी पाळत होती. हे मुद्दाम सांगायचं, कारण अशी प्रकरणं वाचताना ‘माणसं निष्काळजी होती’ असा समज पटकन होतो. इथे तसं नव्हतं. बुकिंगच्या फाइलचा माथा असा होता:

# बदल नोंद
# १२/०३ सु. – अपलोड मर्यादा ५ वरून २० एमबी
# ०४/०५ – टाइमआउट वाढवला
# ०६/०५ प्र. – वरचं बदललेलं परत केलं
# १२/०६ सु. – टाइमआउट १८० (रिपोर्टसाठी)

नीट वाचलं की भोकं दिसतात. दुसऱ्या ओळीत नाव नाही, आणि टाइमआउट कितीवरून किती केला तेही नाही. तिसऱ्या ओळीतलं ‘वरचं’ म्हणजे टाइमआउट की अपलोडची मर्यादा? शिवाय ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल? टीममधला एकजण अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर काम करून आलेला, तो महिना आधी लिहायचा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असल्यानं रात्री दीडला केलेल्या बदलावर फाइलची तारीख आदल्या दिवशीची पडे, नोंदीत मात्र भारतीय वेळेची तारीख असे.

अडचण

ग्राहकांची तक्रार साधी होती: इनव्हॉइसचा फोटो अपलोड करताना कधी जातो, कधी ४१३ची (‘पाठवलेलं फार मोठं आहे’) एरर येते. मोबाइलवर काढलेले फोटो सहा ते आठ एमबीचे असत. एरर आली की लोक पुन्हा बटण दाबत आणि दुसऱ्या खेपेला बहुतेकदा काम होई. त्यामुळे तक्रारी फार उशिरा आल्या आणि तुरळकच आल्या.

टीमनं पहिल्या सर्व्हरवरची फाइल उघडली. माथ्यावर ‘२० एमबी’, खाली क्लायंट मॅक्स बॉडी साइजही २० एमबीच. दुसऱ्या सर्व्हरवरही माथा तोच आणि ओळही तीच. ‘एन्जिनएक्समध्ये काही नाही, वर लिहिलंय की,’ असं म्हणून सगळे ॲपकडे वळले. स्प्रिंग बूटमध्ये एका फाइलची मर्यादा मुळात १ एमबी आणि पूर्ण रिक्वेस्टची १० एमबी असते, म्हणजे संशय घ्यायला जागा होतीच. पण ॲपमध्ये दोन्ही आकडे आधीच वाढवलेले निघाले.

उत्तर शेवटी दुसऱ्या सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये सापडलं: क्लायंट फार मोठी बॉडी पाठवू पाहतोय, इतके बाइट्स. ही ओळ एन्जिनएक्स स्वतः लिहितो. ॲक्सेस लॉगमध्येही त्या रिक्वेस्टपुढे अपस्ट्रीमच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. म्हणजे रिक्वेस्ट मागच्या ॲपपर्यंत पोचलीच नव्हती.

मग एन्जिनएक्सला कॅपिटल टीचा पर्याय देऊन पाहिलं. छोटा टी फक्त कॉन्फिग तपासतो. कॅपिटल टी तपासतो आणि इन्क्लूड होणारी (मुख्य फाइलमधून जोडली जाणारी) एकूण एक फाइल तिच्या पत्त्यासकट छापून दाखवतो. त्यात अपलोडच्या मर्यादेची ओळ दोनदा आली, एकदा २० एमबी आणि एकदा ५ एमबी.

१२ मार्चला बदल करण्याआधी जुन्या फाइलची प्रत काढली होती. पहिल्या सर्व्हरवर ती होम डिरेक्टरीत गेली. दुसऱ्यावर ती तिथेच, साइट्स-एनेबल्ड या चालू साइटच्या फाइलच्या डिरेक्टरीत राहिली, आणि यादीत प्रती क्रमानं दिसाव्यात म्हणून नाव तारखेनं सुरू होणारं दिलं गेलं: २०२४०३१२-बुकिंग. उबुंटूच्या मूळ रचनेत त्या डिरेक्टरीतलं सगळं इन्क्लूड होतं, एक्स्टेन्शन काहीही असो. फाइल नावाच्या क्रमानं वाचल्या जातात आणि आकडे अक्षरांच्या आधी येतात. एकाच पोर्टवर एकाच सर्व्हर नेमचे दोन ब्लॉक आले तर एन्जिनएक्स पहिला धरतो आणि दुसऱ्याबद्दल ‘सर्व्हर नेम जुळतंय, दुर्लक्ष केलं’ अशी वॉर्निंग देऊन पुढे जातो. ती फक्त वॉर्निंग आहे. तपासणी पास होते, रीलोडही (फाइल पुन्हा वाचून लागू करणं) होतो, आणि सिस्टिमसीटीएलनं रीलोड केलं तर वॉर्निंग पडद्यावर दिसतसुद्धा नाही.

प्रतीचं नाव ‘बुकिंग.बॅक’ असं ठेवलं असतं तर क्रमानं ती नंतर आली असती, नवी फाइलच लागू झाली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. नाव जास्त शिस्तीनं दिलं म्हणून घोळ झाला.

घोळ अपलोडपुरता नव्हता. १२ मार्चनंतर बुकिंगच्या फाइलमध्ये केलेला एकही बदल दुसऱ्या सर्व्हरवर लागू झालेला नव्हता. १८० सेकंदांचा टाइमआउटही त्यातच आला. प्रॉक्सी रीड टाइमआउट, म्हणजे मागच्या ॲपच्या उत्तराची वाट पाहायची वेळ, मुळात ६० सेकंदांचा असतो. महिनाअखेरीचा अहवाल दीड-दोन मिनिटं घेतो, म्हणून तो निम्म्या वेळा ५०४ (‘उत्तर वेळेत आलं नाही’) देऊन पडत होता. ती तक्रार ‘रिपोर्ट जड आहे’ असं लिहून कधीच बंद केलेली होती.

माथ्यावरची नोंद खोटी नव्हती. ती आपल्या फाइलपुरती खरं बोलत होती. शेजारच्या फाइलमध्ये काय आहे आणि चालू प्रोसेसनं नेमकं काय वाचलंय हे तिला माहीत असायचं कारणच नाही. आणि प्रत काढावी का लागली? नोंद काय बदललं ते सांगते, पण आधीचं परत आणून देत नाही. त्यामुळे माथ्यावर इतिहास ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येक टीमकडे आणखी दोन इतिहास साठत जातात: तारखेच्या प्रती, आणि हॅश लावून बंद केलेल्या जुन्या ओळी.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय पद्धत तीच ठेवून शिस्त कडक करण्याचा होता: वर्ष-महिना-दिवस अशी तारीख, पूर्ण नाव, जुना-नवा आकडा सक्तीचा, प्रतींसाठी वेगळी डिरेक्टरी. खर्च शून्य. पण ओळ बदलली आणि नोंद राहिली, किंवा नोंद झाली आणि रीलोड राहिला, हे कोण पकडणार? कुणीच नाही.

दुसरा, आरसीएस. १९८२ सालचं, फाइलच्या आवृत्त्या जपणारं हे साधन हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एका मशीनवरच्या एकेकट्या फाइलसाठी ते आजही पुरतं, फाइलला कुलूप लावतं, आणि त्याचा ‘लॉग’ हा कीवर्ड फाइलमध्ये टाकला की प्रत्येक चेक-इनचा संदेश आपोआप माथ्यावर उमटतो. म्हणजे टीम जे हातानं करत होती तेच, चूक न होता. गिटमध्ये ही सोय नाही. त्याचा ‘आयडी’ कीवर्ड फक्त ब्लॉबचा, म्हणजे फाइलच्या मजकुराचा, हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) भरतो. आरसीएस दोन कारणांनी मागे पडलं. दोन सर्व्हरची तुलना त्यात होत नाही. शिवाय इतिहासाची स्वल्पविराम-व्ही शेपटीची फाइल, आरसीएस नावाची उपडिरेक्टरी नसेल तर, मूळ फाइलशेजारीच बसते. साइट्स-एनेबल्डमध्ये ती बसली की पुढच्या रीलोडला एन्जिनएक्स तीही वाचायला घेणार.

तिसरा, ईटीसीकीपर. ईटीसी ही सर्व्हरच्या कॉन्फिगची डिरेक्टरी जशीच्या तशी गिटमध्ये जाते, एपीटीनं (उबुंटूचं पॅकेज बसवायचं साधन) पॅकेज बसवण्याआधी आणि नंतर कमिट (गिटमध्ये त्या क्षणाची नोंद) होतो, दिवसातून एकदा उरलेले बदल आपोआप कमिट होतात. फाइलच्या परवानग्या गिट पूर्ण जपत नाही, त्या हे वेगळ्या नोंदवतं. सुडोनं (रूटच्या अधिकारानं) काम केलं असेल तर मूळ माणसाचं नावही लागतं. उणिवा: ‘रोजचा ऑटोकमिट’ हा संदेश काहीच सांगत नाही, आणि शॅडो फाइल (पासवर्डची), खाजगी किल्ल्या हे सगळं रिपॉझिटरीत येतं.

चौथा, मध्यवर्ती गिट रिपॉझिटरी आणि तिथून ॲन्सिबल या साधनानं दोन्ही सर्व्हरवर एकच फाइल पाठवणं. खरं उत्तर हेच, पण चौघांपैकी एकालाच ॲन्सिबल येत होतं.

टीमनं तिसरा पर्याय त्याच आठवड्यात सगळ्या सर्व्हरवर बसवायचा आणि चौथा फक्त एन्जिनएक्स व डीएनएससाठी, सावकाश आणायचा ठरवलं. आधी जाळं, मग घर. या क्रमाचा फायदा पुढे दिसला.

केलेली कामं

साफसफाईचा मोह आधी आवरला. दोन्ही सर्व्हरवरचं कॅपिटल टीचं आउटपुट फाइलमध्ये साठवलं, डिफ (दोन्हींतला फरक) काढला, आणि मग ईटीसीकीपरचा पहिला कमिट जुन्या प्रती, बंद केलेल्या ओळी, माथे यांच्यासकट होऊ दिला. एकदा हे आत गेलं की नंतर काहीही पुसायला हात कचरत नाही. ईटीसीमधल्या गिटच्या डिरेक्टरीची परवानगी ७०० आहे ना ते तपासलं आणि रिमोटवर पुश करायची सेटिंग रिकामीच ठेवली.

मग साइट्स-एनेबल्ड. खऱ्या फाइल साइट्स-अव्हेलेबलमध्ये नेल्या, इकडे फक्त सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) ठेवल्या, त्यांच्या नावांना ‘डॉट कॉन्फ’ जोडलं आणि मुख्य फाइलमधलं इन्क्लूड ‘तारा (*) डॉट कॉन्फ’पुरतं मर्यादित केलं. इथे एक सापळा आहे. तारा असलेल्या इन्क्लूडला एकही फाइल जुळली नाही तरी एन्जिनएक्स तक्रार करत नाही. इन्क्लूड आधी बदलून रीलोड केलं आणि लिंकची नावं मागून बदलायची ठेवली, तर तपासणी पास होते आणि साइट गायब! म्हणून दोन्ही बदल करून, कॅपिटल टीमध्ये सर्व्हर नेम मोजून, मगच रीलोड.

माथ्यांचं काय करायचं यावर सर्वात जास्त वाद झाला. एकाचं म्हणणं, सगळे उडवा, गिट लॉग आहे. दुसऱ्याचं म्हणणं, रात्री दोनला एसएसएच करून फाइल उघडणाऱ्याला लॉग आठवत नाही, समोरची कॉमेंट दिसते. दोघंही बरोबर होते. कुणी, कधी, आधी काय होतं, हे गिटचे ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली) आणि लॉग जास्त अचूक सांगतात. का केलं आणि केव्हा काढता येईल, हे ओळीशेजारीच असायला हवं. म्हणून माथे काढले आणि टाइमआउटच्या वर असं लिहिलं:

# महिनाअखेरीचा अहवाल दीड-दोन मिनिटं घेतो.
# अहवाल बॅकग्राउंड जॉबमध्ये गेला की ही ओळ काढा, मूळ ६० पुरतात.

यात तारीख नाही, नाव नाही. काढलेला माथा त्याच कमिटच्या संदेशात पूर्ण चिकटवला, म्हणजे लॉगमध्ये ग्रेपनं सापडतो.

जुन्या प्रतींवरून मागचा इतिहास गिटमध्ये उभा करायचाही प्रयत्न झाला: एकेक प्रत, तिची तारीख देऊन एकेक कमिट. हे काम वेळ खाणारं ठरलं. साध्या सीपी (कॉपी) कमांडनं काढलेल्या प्रतीवर प्रत काढल्याची वेळ असते, आतला मजकूर कधीचा ते त्यावरून कळत नाही. त्यात यूटीसीचा घोळ आणि ०४/०५चं कोडं. बुकिंगच्या फाइलपुरतं करून ते सोडून दिलं. आमच्या मते तेवढंही करायची गरज नव्हती. अंदाजानं तारखा घातलेला इतिहास खऱ्यासारखा दिसतो, आणि नेमका त्याच कारणानं तो धोकादायक असतो.

डीएनएसच्या झोन फाइलमध्ये (एका डोमेनच्या नोंदींची फाइल) वेगळाच प्रकार. तिथे माथ्यावर अर्धविरामाच्या कॉमेंटमध्ये नोंदी होत्या, पण एका बदलाच्या वेळी नोंद झाली आणि सिरियल (फाइल बदलली हे सेकंडरीला सांगणारा आकडा) वाढवायचा राहिला. त्यामुळे सेकंडरी जुनीच उत्तरं देत राहिला. सिरियल हा फाइलच्या आत राहायलाच हवा असा इतिहास आहे, कारण तो माणसासाठी नाही, दुसऱ्या सर्व्हरसाठी आहे. टीम वर्ष-महिना-दिवस आणि दोन आकडे अशी दहा आकड्यांची प्रथा पाळते, उदाहरणार्थ २०२४०६१४०१. रिपॉझिटरीत एक तपासणी घातली: झोन फाइल बदलली आणि सिरियल आधीपेक्षा मोठा नसेल तर पुश नाकारायचा. बोटाची चूक होऊन पुढच्या एखाद्या वर्षाचा सिरियल गेलाच, तर तो नुसता कमी करून चालत नाही. त्यात २१४७४८३६४७ मिळवायचे, सेकंडरीनं तो उचलल्याची खात्री करायची, मग बरोबर आकडा टाकायचा. ही कृती मात्र झोनच्या माथ्यावर कॉमेंटमध्ये ठेवली आहे, कारण ती लागेल तेव्हा विकी शोधायला वेळ नसतो.

ॲन्सिबलच्या टेम्प्लेटमध्ये माथ्यावर एकच ओळ आहे: ही फाइल मध्यवर्ती रिपॉझिटरीतून येते, इथे केलेला बदल टिकणार नाही. सुरुवातीला या ओळीत फाइल कधी तयार झाली ती वेळही छापली जात होती. त्यामुळे काही बदल नसतानाही प्रत्येक खेपेला फाइल ‘बदलली’ असं ॲन्सिबलला वाटे आणि एन्जिनएक्स उगाच रीलोड होई. वेळ काढून टाकली. फाइल पाठवण्याआधी तपासायची ॲन्सिबलची ‘व्हॅलिडेट’ सोय झोनला छान लागू पडते, बाइंडची चेकझोन कमांड एकट्या फाइलवर चालते. एन्जिनएक्सच्या साइटचा तुकडा एकटा तपासता येत नाही, म्हणून तिथे आधी फाइल ठेवणं, मग छोटा टी, तो पास झाला तरच रीलोड, असा क्रम लावला. छोट्या टीच्या आउटपुटमध्ये ‘वॉर्न’ दिसलं तरी आता थांबायचं.

दोन फाइल या सगळ्याबाहेर राहिल्या. टॉमकॅटची सर्व्हर डॉट एक्सएमएल कुणी फारशी हलवत नाही. तिच्यात जुने ब्लॉक कॉमेंट करून ठेवलेत, आणि एक्सएमएलमध्ये कॉमेंटच्या आत कॉमेंट चालत नाही, दोन सलग डॅशसुद्धा नाही. बंद केलेला ब्लॉक पुन्हा बंद करायला गेलं की टॉमकॅट उठत नाही. दुसरी, ॲपची जेसन कॉन्फिग. जेसनमध्ये कॉमेंटच नसते. पूर्वी कुणीतरी ‘अंडरस्कोअर कॉमेंट’ नावाची की (key) घालून इतिहास लिहिला होता. ॲपनं अनोळखी की नाकारायला सुरुवात केल्यावर ती काढावी लागली. आता कारणं शेजारच्या रीडमी फाइलमध्ये आहेत.

परिणाम

अपलोडच्या आणि अहवालाच्या तक्रारी प्रत हलवून रीलोड केल्याबरोबर थांबल्या. त्याचं श्रेय नव्या पद्धतीला नाही, ते एका एमव्ही कमांडचं काम होतं.

नव्या पद्धतीची परीक्षा नंतर झाली. रात्री दीडला एका मोठ्या ग्राहकाचे अहवाल अडकले, ड्यूटीवरच्यानं सर्व्हरवरच टाइमआउट ३०० केला, रीलोड केलं आणि झोपला. सकाळी दुसऱ्यानं भलत्याच कामासाठी ॲन्सिबल चालवलं आणि फाइल पुन्हा १८०वर आली. इथला बदल टिकणार नाही असं फाइलच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलेलं असूनही हे झालं. हा बदल जुन्या पद्धतीत कायमचा गेला असता. इथे मधल्या वेळात ईटीसीकीपरचा रोजचा कमिट होऊन गेला होता, डिफमध्ये ३०० दिसला आणि तो रीतसर रिपॉझिटरीत आला. त्यानंतर ॲन्सिबल थेट चालवत नाहीत. आधी चेक आणि डिफचे पर्याय देऊन पाहतात. आपण न केलेली ओळ डिफमध्ये दिसली की काम थांबतं. ईटीसीकीपरची ‘अनक्लीन’ कमांड रोजच्या कमिटच्या आधी चालते आणि काही शिल्लक असेल तर टीमला मेल जातो. पॅकेज बसवण्यापूर्वी न कमिट केलेले बदल असतील तर इन्स्टॉलेशनच अडवायची सोयही ईटीसीकीपरमध्ये आहे. ती मुद्दाम बंद ठेवली, नाहीतर आपोआप होणारे सिक्युरिटी अपडेट अडकले असते.

एक गोष्ट अंगाशी आली. मध्यवर्ती रिपॉझिटरीतल्या पहिल्या कमिटमध्ये एन्जिनएक्सकडून अहवालांच्या ॲपला जाणाऱ्या हेडरमधला पासवर्ड गेला. तो बेस६४मध्ये होता म्हणून वाचताना डोळ्यांत आला नाही. बेस६४ हे काही एन्क्रिप्शन नव्हे. इतिहास पुन्हा लिहायचा विचार झाला, पण रिपॉझिटरी चौघांच्या लॅपटॉपवर आणि बिल्ड सर्व्हरवर क्लोन झालेली होती. पासवर्ड बदलला आणि नवा ॲन्सिबलच्या व्हॉल्टमध्ये (एन्क्रिप्ट करून) ठेवला.

वेगळं काय करता आलं असतं

लॉग आधी, फाइल नंतर. ४१३ कुणी दिला हे अपस्ट्रीमचा रकाना पाहून मिनिटभरात कळलं असतं. दोन सर्व्हर असतील तर दोन्हींचे लॉग पाहायचे, फाइल सारख्या दिसतात म्हणून एकावर भागवायचं नाही.

कॅपिटल टीच्या आउटपुटची दोन सर्व्हरमधली तुलना रोज करायला हवी होती, मोठी पद्धत यायची वाट न पाहता. दोन ओळींची स्क्रिप्ट आणि क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) पुरतो. पण कॅपिटल टी डिस्कवरचं सांगतो, चालू प्रोसेसमधलं नाही. कुणी बदल करून रीलोड विसरला तर ही तुलना गप्प बसेल. टीमनं अजून यावर तोडगा काढलेला नाही. तूर्तास वर्कर प्रोसेस सुरू झाल्याची वेळ आणि कॉन्फिग फाइल बदलल्याची वेळ ताडून पाहतात.

पासवर्ड शोधणारी तपासणी मध्यवर्ती रिपॉझिटरीच्या पहिल्या कमिटच्या आधी लावायला हवी होती. ‘कचऱ्यासकट पहिला कमिट’ हा नियम सर्व्हरवरच्या ७०० परवानगीच्या रिपॉझिटरीसाठी ठीक आहे. जिथून क्लोन होणार, तिथे तो जसाच्या तसा नेणं चुकलं.

आणि माथे सरसकट काढले त्यात फायरवॉलची फाइलही आली. ती वेंडर आपल्या हातानं बदलतो, त्याला रिपॉझिटरीचा ॲक्सेस नाही, आणि फाइल ईमेलनं एकटी फिरते. तिच्यात तारीखवार नोंद परत घातली. दर वेळी वेंडरकडून आलेली फाइल टीममधला कुणीतरी कमिट करतो, आणि नोंदीत न लिहिलेलं काही डिफमध्ये दिसलं तर वेंडरला विचारतो.